सातांतला एक डाव

ऑनलाइन ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट बुद्धिबळ डावांत, माझं रेटिंग बराच काळ एकाच पट्ट्यात वरखाली होत होतं. पट्टा खालचा नव्हता. क्लासिकल, म्हणजे सावकाश विचार करायला वेळ देणारं, बुद्धिबळ मी लहानपणापासून खेळत आले आहे, स्पर्धांचा अनुभव आहे, ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) तयारी आहे, एन्डगेमचा (मोजकेच मोहरे उरल्यावरच्या खेळाचा) अभ्यास आहे. तीन मिनिटांच्या डावांत समोर बहुतेक वेळा माझ्याच ताकदीचे खेळाडू येत, कधी मास्टर किताब मिळवलेलेही. या टप्प्यावरच्या खेळाडूला नेहमीचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. मोहरे फुकट घालवू नका, रोज पझल सोडवा, हे सगळं केव्हाच करून झालेलं असतं. मग इथून वर जायचं ते कशाच्या जोरावर? मी त्याचा शोध कसा घेतला आणि त्यातून काय हाती लागलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात साध्या हिशोबापासून केली. रेटिंग मोजण्याच्या एलो पद्धतीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा रेटिंगमध्ये १०० गुणांनी वर असलेल्या खेळाडूने डावांत सरासरी ६४ टक्के गुण मिळवणं अपेक्षित असतं. म्हणजे आज ज्यांच्याशी माझी बरोबरीची टक्कर होते, शंभर डावांत पन्नास गुण मिळतात, त्यांच्याशीच मला चौसष्ट गुण मिळवावे लागतील, तरच मी शंभराने वर गेले असं म्हणता येईल. चौदा गुण जास्त. सात डावांमागे एक! हा आकडा पाहून मला फार हुरूप आला. सहा डाव जसे चाललेत तसेच चालू देत, सातांतला एक हरलेला डाव तेवढा जिंकायचा. त्यासाठी सगळं बुद्धिबळ नव्याने शिकायची गरज नव्हती. तो एक डाव नेमका कुठे निसटतो, तेवढं शोधायचं होतं.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरून आपले डाव उतरवून घेता येतात आणि प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता, तीही नोंद त्यात मिळते. मी हरलेले डाव काढले आणि इंजिन (चालींचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम) बंद ठेवून आधी फक्त वेळ पाहिली. स्टॉकफिश हे इंजिन चांगली चाल कोणती होती ते लगेच दाखवतं, पण ती शोधायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे चारच सेकंद का उरले होते, हे कळायला घड्याळाचीच नोंद वाचावी लागते. वेळ वाचून झाल्यावर इंजिन लावलं. तेव्हा दिसलं की हरलेल्या डावांपैकी कितीतरी डावांत पंचविसाव्या चालीला माझी स्थिती बरोबरीची किंवा सरस होती. ओपनिंगमध्ये मी मागे पडत नव्हते, मध्यडावातही नाही. गुण जात होते ते नंतर, घड्याळ वीस सेकंदांच्या खाली गेल्यावर.

म्हणून मग आधीचा वेळ कुठे गेला ते पाहू लागले. दहा सेकंदांच्या वर वेळ घेतलेली प्रत्येक चाल बाजूला काढली. काही चालींना तो वेळ द्यायलाच हवा होता, पटावर खरोखर पेच होता. पण त्यांच्याहून मोठा गठ्ठा दोन वेगळ्या प्रकारांचा निघाला. एक म्हणजे सारख्याच मोलाच्या दोन चालींत निवड करणं. हत्ती डी१ वर ठेवू की ई१ वर, उंट ई२ वर बरा की डी३ वर. इंजिनच्या लेखी दोन्हींत प्याद्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही फरक नाही, आणि मी तिथे बारा-पंधरा सेकंद दिलेले. दुसरा प्रकार खातरजमेचा. चाल पहिल्या दोन सेकंदांत सुचलेली, शेवटी खेळलेलीही तीच, मधला सगळा वेळ ती बरोबर आहे ना हे पुन्हा पुन्हा तपासण्यात गेलेला. क्लासिकलमध्ये ही सवय मोलाची असते. तिथे ती मी वर्षानुवर्षं घोटून अंगी बाणवली आहे आणि तिने मला पुष्कळ गुण मिळवून दिले आहेत. तीन मिनिटांच्या डावात मात्र तिला कुठे जागा द्यायची, हे वेगळं ठरवावं लागतं.

वेळेचा हा ताण किती असतो, ते आकड्यांतच पाहा. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या व्याख्येत प्रत्येकी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळेचा डाव म्हणजे ब्लिट्झ. जागतिक अजिंक्यपद ३+२ वर खेळलं जातं, म्हणजे तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंदांची भर. साठ चालींचा डाव धरला तर ३+२ मध्ये प्रत्येक चालीला सरासरी पाच सेकंद मिळतात, आणि ऑनलाइन सर्रास खेळल्या जाणाऱ्या ३+० मध्ये फक्त तीन. दोन सारख्या चालींत निवडायला पंधरा सेकंद दिले, तर ३+० मध्ये पुढच्या पाच चालींची वेळ तिथेच संपली.

'पहिली सुचलेली चाल खेळा' असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो जसाच्या तसा घेणं मला पटत नव्हतं. सुचलेली चाल केव्हा विश्वासाची आणि केव्हा नाही, हे कळल्याशिवाय तो सल्ला अपुरा आहे. म्हणून मी स्वतःवरच एक चाचणी घेतली. माझ्याच जुन्या डावांतल्या स्थिती पटावर लावायच्या, तीन सेकंदांत चाल लिहून ठेवायची, मग त्याच स्थितीवर पाच मिनिटं शांतपणे विचार करून पुन्हा चाल लिहायची आणि शेवटी इंजिनशी ताडून पाहायची. हे बरेच आठवडे केलं, आणि सगळ्या सरावात मला सर्वांत जास्त हेच उपयोगी पडलं असं माझं ठाम मत आहे.

यातून जे दिसलं ते बऱ्यापैकी स्पष्ट होतं. शांत स्थितीत, मोहरे कुठे ठेवायचे एवढाच प्रश्न असताना, तीन सेकंदांची चाल आणि पाच मिनिटांची चाल बहुतेक वेळा एकच निघाली, आणि वेगळी निघाली तरी फरक नगण्य. याचं कारण बुद्धिबळावरच्या जुन्या संशोधनात सापडतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर मास्टर ती जवळपास पूर्ण आठवून मांडतो, पण तेच मोहरे पटावर वाट्टेल तसे विखरून ठेवले तर त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. त्याच्या डोक्यात एकेक मोहरा नसतो, ओळखीचे पुंजके असतात. स्थिती ओळखीच्या पुंजक्यांची असेल तर चाल पाहताक्षणीच सुचते, आणि ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आलेली असते. तिच्यावर शंका घेण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

जिथे तीन सेकंदांची चाल चुकत होती, त्या जागा मोजक्या होत्या. समोरच्याने मारल्यावर कोणत्या मोहऱ्याने किंवा कोणत्या प्याद्याने उलट मारायचं, ही पहिली. इथे हात सवयीने मध्याकडे मारतो आणि दर वेळी ते बरोबर नसतं. प्याद्याची मागे न घेता येणारी चाल, विशेषतः मध्य फोडणारी किंवा आपल्याच राजापुढचं प्यादं हलवणारी, ही दुसरी. तिसरी म्हणजे शेवटचे मोहरे मारून प्याद्यांच्या एन्डगेममध्ये उतरण्याचा क्षण. तिथे एका चालीच्या फरकाने जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो किंवा हातचा जातो, आणि अंदाज कामाला येत नाही, चाली मोजाव्याच लागतात. शिवाय पटावर दोन मोहरे आधाराविना उभे असतील, तर पाहायलाच हवं. या जागा सोडून इतरत्र मी पहिल्या चालीवर विश्वास टाकायचा, आणि या जागी मात्र निःसंकोच वीस सेकंदही द्यायचे, असं ठरवलं. घड्याळाचं बंधनही घालून घेतलं. ३+० मध्ये पंधरा चाली होईपर्यंत सुमारे दोन मिनिटं पंचवीस सेकंद हातात असावेत, आणि तिसाव्या चालीला निदान एक मिनिट.

सुरुवातीला हे जड गेलं. वर्षानुवर्षांच्या तपासण्याच्या सवयीला मुरड घालताना प्रत्येक चाल अर्धवट सोडल्यासारखी वाटते. काही आठवडे रेटिंग किंचित खालीच गेलं. पण त्या काळात मी निकाल पाहत नव्हते, वेळेची नोंद पाहत होते, आणि नोंद सुधारत होती. तिसाव्या चालीला हाताशी राहणारा वेळ हळूहळू वाढला, आणि मग गुणही मागोमाग आले.

ओपनिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ब्लिट्झसाठी सापळ्यांचे गॅम्बिट (प्यादं देऊन हल्ला मिळवणारी ओपनिंग) शिकावेत असं बरेच जण म्हणतात. भक्कम प्रतिस्पर्ध्यापुढे ते एकदा-दोनदा चालतात, नंतर तो उत्तर पाठ करून येतो आणि आपल्याकडे एक प्यादं कमी असतं. मी ओपनिंग निवडताना एकच गोष्ट पाहिली. मध्यडावात जी प्याद्यांची रचना उभी राहते ती मला वारंवार भेटावी, जमलं तर दोन्ही रंगांनी. पांढऱ्याने मी क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डची एक्स्चेंज शाखा घेतली, काळ्याने ई४ ला कारो-कान. पहिल्या ओपनिंगमध्ये डी५ वर मारामारी झाल्यावर पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई३ वर, काळ्याची सी६ आणि डी५ वर अशी कार्ल्सबाड रचना तयार होते. पांढरा बी-प्यादं बी५ पर्यंत रेटतो आणि सी६ वर कायमचं दुबळं प्यादं निर्माण करतो. यालाच मायनॉरिटी अटॅक म्हणतात. कारो-कानमध्ये पांढऱ्याने डी५ वर मारामारी केली की हीच रचना रंग उलटून मिळते, आणि आता बी-प्यादं पुढे रेटण्याचं काम काळ्याचं असतं. डी४ ला काळ्याने मी क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डच खेळते, त्यामुळे या हल्ल्याला तोंड कसं द्यायचं, बी५ खेळून घोडा सी४ वर कसा आणायचा, तेही अंगवळणी पडलं. एकाच रचनेच्या तीन बाजू हाताखालून इतक्यांदा गेल्या की वीस चालींपर्यंत कुठला मोहरा कुठे जातो हे शोधावं लागत नाही.

या बाबतीत माजी जगज्जेत्या बॉबी फिशरचे युगोस्लाव्हियातल्या हेर्सेग नोवीमधले ब्लिट्झ डाव मी पुन्हा पुन्हा खेळून पाहिले. १९७० सालची ती पाच मिनिटांच्या डावांची स्पर्धा. ताल, कोर्चनॉय, पेट्रोसियान, ब्रॉनस्टीन, स्मिस्लॉव्ह असे त्या काळचे बलाढ्य खेळाडू समोर, आणि फिशरने २२ पैकी १९ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या तालला १४.५. मला त्या डावांत ब्लिट्झसाठी राखून ठेवलेल्या क्लृप्त्या दिसल्या नाहीत. कोर्चनॉयविरुद्ध तो काळ्याने किंग्ज इंडियन ही ओपनिंग खेळून जिंकला, म्हणजे तो एरवीही खेळायचा तेच. चाली इतक्या सहज येतात की त्यामागची त्या रचनेची सखोल ओळख जाणवत राहते.

आता घड्याळात उरलेल्या त्या शेवटच्या वीस सेकंदांबद्दल. सरस स्थिती आणि थोडा वेळ, हा प्रसंग ब्लिट्झमध्ये इतक्यांदा येतो की त्याचा वेगळा सराव करायलाच हवा, आणि फार थोडे जण तो करतात. मी माझ्या डावांतल्या जिंकत असलेल्या स्थिती जमवल्या आणि एकेक स्थिती लावून अर्धं मिनिट, भर शून्य, अशा घड्याळावर स्टॉकफिशशी खेळू लागले. इंजिन हार मानत नाही आणि तिथे वेळेवर जिंकण्याची आशाही नसते. त्यामुळे मातेपर्यंत किंवा प्यादं वजीर होईपर्यंत डाव न्यावाच लागतो.

यातून माझी जिंकण्याची पद्धतच बदलली. हातात मिनिट असताना मी दुसरं प्यादं मिळवायच्या मागे जाते, पण पंधरा सेकंद उरले असतील तर आधी स्वतःचा राजा शहांपासून लपवते. कारण समोरून येणाऱ्या प्रत्येक शहाला थांबून उत्तर द्यावं लागतं आणि तिथे समोरच्याची चाल होण्याआधीच लावून ठेवलेली चाल (प्रीमूव्ह) बहुधा कामी येत नाही. उलट समोरच्याकडे वेळ कमी असेल तर बिनधोक शह देणं हे शस्त्र आहे. त्याने लावून ठेवलेली प्रीमूव्ह बेकायदा ठरून रद्द होते आणि त्याला पुन्हा पटाकडे पाहावं लागतं. हत्तींच्या एन्डगेममध्ये पुढे गेलेल्या प्याद्यामागे हत्ती उभा केला की बहुतेक चाली विचाराशिवाय खेळता येतात. जिंकण्याच्या लुसेना स्थितीत हत्ती चौथ्या रांगेत आणून पूल बांधणं (राजाला शहांपासून आडोसा करणं) आणि बरोबरी राखण्याच्या फिलिडॉर स्थितीत बचावाची रांग धरून ठेवणं, मग प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती पार मागे नेऊन मागून शह देणं, हे दोन्ही मी इतकं घोटलं की पाच सेकंदांतही जमतं. ज्ञान आधीपासून होतंच, पण ते त्या वेगाने पटावर उतरवण्याचा सराव वेगळा करावा लागला.

मातेचा हिशोबही आधीच मनात असावा. एकट्या राजावर हत्तीने मात जास्तीत जास्त १६ चालींत होते, उंट आणि घोड्याने करायला ३३ चाली लागू शकतात. भर नसलेल्या घड्याळात दहा सेकंद उरले असताना उंट-घोड्याच्या मातेत उतरण्यात अर्थ नाही, एक प्यादं राखून ठेवलेलं बरं. आणि फ्लॅगचा, म्हणजे वेळ संपल्याचा, नियम नक्की माहीत हवा. फिडेच्या कलम ६.९ प्रमाणे वेळ संपलेला खेळाडू हरतो, अपवाद एकच: प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही कायदेशीर चालींच्या मालिकेने मात करणं अशक्य असेल तर बरोबरी. लिचेस हाच नियम पाळतं. म्हणजे समोर एकटा घोडा उरला आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तुमच्या पटावर प्यादं असेल तर तात्त्विकदृष्ट्या मात शक्य असते, आणि वेळ संपली की डाव जातो. चेस डॉट कॉम या दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र एकट्या घोड्याला किंवा उंटाला अपुरं बळ धरतात. तुम्ही कुठे खेळता त्यावर शेवटचे पाच सेकंद कसे खेळायचे ते ठरतं.

प्रीमूव्हबद्दलही तसंच. लिचेसवर एका वेळी एकच प्रीमूव्ह लावता येते आणि तिला वेळ लागत नाही. चेस डॉट कॉमवर कितीही लावता येतात, पण प्रत्येकीमागे सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. मी ती फक्त सक्तीच्या उलट माऱ्याला आणि राजाच्या मोकळ्या वाटचालीला वापरते. ओपनिंगमध्ये सवयीने लावलेल्या प्रीमूव्हची शिकार करणारे खेळाडू असतात. डी४ ला जी६ उत्तर देऊन उंट जी७ ही प्रीमूव्ह लावली आणि समोरच्याने उंट एच६ वर टाकला, तर पुढच्याच चालीला तो जी७ वर मारतो आणि कोपऱ्यातला हत्तीही धोक्यात येतो.

पझलबाबत थोडंच सांगते. मला लिचेसवरच्या पझल स्टॉर्मचा उपयोग झाला: तीन मिनिटं, सोप्यापासून चढत जाणारी कोडी, सलग बरोबर चालींना थोडी वेळ बक्षीस आणि चुकलं की दहा सेकंद वजा. त्या दंडामुळे 'खेळू की आणखी एकदा पाहू' हा निर्णय दर कोड्याला घ्यावा लागतो, आणि तोच तर सराव हवा होता. कोडं चुकलं की मी ते कुठल्या प्रकारचं आहे ते पाहत असे. माझ्या बाबतीत मागे येणारी घोड्याची चाल आणि आडव्या रांगेत सरकणारा वजीर वारंवार सुटत. मग तेवढ्याच प्रकारची कोडी वेगळी काढून सोडवली.

एका मिनिटाच्या बुलेटने हात जलद होतो, पण माझ्या ब्लिट्झला त्याचा फारसा फायदा झाला नाही. चाली मोजायची शिस्त मात्र सैल व्हायला लागली, म्हणून ते बंद केलं. त्याऐवजी १५+१० चे रॅपिड डाव चालू ठेवले. सुचणाऱ्या चालींचा दर्जा शेवटी सावकाश विचार केलेल्या डावांतूनच येतो, हे मला अगदी महत्त्वाचं वाटतं. रेटिंगकडे मात्र रोज पाहू नये. नेहमी खेळणाऱ्याचं लिचेसवरचं रेटिंग (ते ग्लिको-२ या पद्धतीने मोजतात) बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी एका डावात साधारण पाच-सहा गुणांनी हलतं, त्यामुळे ताकद तीच असतानाही ते एका संध्याकाळी पन्नासने वर आणि दुसऱ्या संध्याकाळी तितकंच खाली जाऊ शकतं. मी महिन्याची सरासरी आणि तिसाव्या चालीला उरलेला वेळ, एवढेच दोन आकडे लिहून ठेवते.

तो सातांतला एक डाव परत मिळाला. जुन्या पट्ट्याच्या शंभरावर मी आता स्थिर आहे, आणि इथून नवा शोध सुरू झाला आहे, कारण या पातळीवर गुण वेगळ्या वाटेने जातात. इथले खेळाडू मिळालेली आघाडी सहसा सोडत नाहीत. त्यामुळे आता हरलेल्या डावांत वेळेपेक्षा कमकुवत स्थितीचा बचाव जास्त दिसतो, खास करून एक प्यादं कमी असलेले हत्तींचे एन्डगेम. एकाच बाजूला चार प्याद्यांविरुद्ध तीन, हा एन्डगेम नीट बचाव केला तर बरोबरीत सुटतो. काळ्याने प्यादी एफ७, जी६ आणि एच५ वर ठेवायची असतात. सध्या हीच स्थिती मी बचावाच्या बाजूने लावते, आधी ३+२ वर, मग अर्ध्या मिनिटात. पहिल्या प्रकारात ती सुटायला लागली आहे. दुसऱ्यात पांढरा ई-प्यादं रेटतो त्या क्षणी हत्तीने मागून शह द्यायला जायचं की बाजूने, हे अजून विचार करून ठरवावं लागतं, आणि या महिन्यातला सगळा सराव त्याच एका चालीवर चालू आहे.